पालकाची सही

संस्थेच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थिनी या नात्याने काही लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. शाळेने मला घडविले हे खरे. पण ते वाक्य या स्मरणिकेत माझ्याआधी अनेकांनी लिहिलेले असेल आणि ते माझ्याहून अधिक अधिकाराने लिहिले असेल. म्हणून मी फक्त एका कागदाविषयी लिहिणार आहे. तो कागद म्हणजे माझा प्रवेश अर्ज. त्यावरील 'पालकाची सही' या रकान्याने माझ्या आयुष्यात पुढे अनेकदा डोके वर काढले. कधी माझ्या वाट्याला आलेला अन्याय म्हणून, तर एकदा माझ्याच हातून घडलेला अन्याय म्हणून. दुसरी गोष्ट लिहिणे अवघड आहे. पण ती लिहायची नसेल तर पहिली लिहिण्याचा अधिकार मला उरत नाही.

१९६९ च्या जून महिन्यात माय मला घेऊन शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. मी चौथी उत्तीर्ण झाले होते. वडील मुंबईला गिरणीत कामाला गेले ते परतलेच नव्हते. ते हयात होते; गावचा कोणी मुंबईहून आला की त्यांची खुशाली कळे. पण पत्र नाही, पैसा नाही. माय दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाई. त्या काळी आमच्याकडे मजुरीचे दोन दर असत, एक गड्याचा आणि दुसरा बाईचा. खुरपणी, वेचणी, मोडणी ही सारी कामे बायांची, आणि बाईचा दर गड्यापेक्षा बराच कमी. ते कोणाला खटकतही नसे. पाऊस पडतो तसा तो दर होता.

शाळेत येण्यापूर्वी माय दोन ठिकाणांहून हात हलवीत परत आली होती. गावच्या शाळेतून दाखला काढताना 'मुलीच्या बापाला आणा' असे तिला सांगण्यात आले. तालुक्याच्या एका वसतिगृहात अर्ज दिला, तो 'पालकाची सही नाही' म्हणून परत आला. माय तिथे म्हणाली, "मीच माय हाय अन् मीच बाप हाय. कुणाची सही आणू?" कारकून हसला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने आम्हाला पाणी दिले. पण अर्ज घेतला नाही.

आपल्या शाळेच्या कार्यालयात तेव्हा संस्थापक गुरुजी स्वतः बसत. त्यांनी अर्ज वाचला, मायकडे पाहिले आणि विचारले, "बाई, हिला आजवर कोणी सांभाळले?" माय म्हणाली, "म्या." गुरुजींनी दौतीत टाक बुडवून पालकाच्या रकान्यात मायचे नाव लिहिले, नात्याच्या रकान्यात 'आई' असे लिहिले, आणि शाईची गादी पुढे सरकविली. मायने अंगठा उठविला. एवढेच झाले. कोणी भाषण केले नाही, कोणावर उपकार केल्याचा आव आणला नाही. त्या रात्री मी वसतिगृहात पत्र्याच्या पेटीला टेकून झोपले, तेव्हा आपल्या प्रवेशात काही विशेष घडले आहे याची मला जाणीवही नव्हती.

ती जाणीव व्हायला पुढे बरीच वर्षे लागली. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाचे सहावे कलम सांगते की अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक पिता आणि त्याच्यानंतर माता. हा कायदा 'हिंदू' या शब्दाच्या व्याख्येत बौद्धांनाही धरतो, त्यामुळे तो आम्हालाही लागू होता. मूल पाच वर्षांचे होईपर्यंत सामान्यतः आईजवळ राहील एवढी मुभा त्यात होती. पण सांभाळणे वेगळे आणि सही करणे वेगळे. बाप जिवंत आहे तोवर आईचा अंगठा कागदावर चालत नाही, असाच त्याचा अर्थ कचेऱ्यांतून लावला जाई. १९७० साली जिजाबाई गजरे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पिता हयात असूनही मुलीच्या कारभारात लक्षच घालत नसेल, तर माता नैसर्गिक पालक मानली जाऊ शकते. गुरुजींनी हा विचार त्याच्या एक वर्ष आधी, कोणत्याही निकालाचा आधार नसताना केला होता. त्यांच्यापाशी कायद्याचे पुस्तक नव्हते. समोर उभी असलेली बाई होती.

सातवीत असताना एका पौर्णिमेला त्यांनी आम्हा मुलींना महाप्रजापती गौतमीची कथा सांगितली. तिने संघात प्रवेश मागितला, तो तीनदा नाकारला गेला. मग तिने केस कापले, चीवर नेसले आणि इतर स्त्रियांसह ती वैशालीपर्यंत चालत गेली. पाय सुजलेले, अंग धुळीने माखलेले, अशी ती दाराबाहेर रडत उभी राहिली. आनंदाने तिला पाहिले, तिच्यासाठी शब्द टाकला, आणि प्रवेश मिळाला. गुरुजी इथे थांबले नाहीत. त्या प्रवेशाला आठ अटी जोडल्या गेल्याचे आणि शंभर वर्षांच्या भिक्षुणीनेही आजच दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करावे अशी त्यांतली एक असल्याचे त्यांनी सांगितले. एका मुलीने विचारले, "हे बरोबर आहे का गुरुजी?" ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. तो विचारीत राहा." श्रद्धेच्या जागी असा प्रश्न विचारू देणारी शाळा आपल्याला लाभली, हे मी आपले मोठे भाग्य समजते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पालक भेटीला येत. माय भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून चालत येई. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात असे, तिथे मिळणारी सुकडी वाचवून माझ्यासाठी आणी. त्याच रविवारांत वसतिगृहाच्या बाईंनी तिला पाटीवर नाव लिहायला शिकविले. तिच्या नावात तीन अक्षरे. ती तीन अक्षरे शिकायला तिला चौदा महिने लागले, कारण महिन्यातून एकच दिवस आणि त्यातही तासभरच मिळे. हाताला खडीचे घट्टे, पाटीवरची पेन्सिल दाबल्याने मोडे. आठवीच्या वार्षिक प्रगतिपुस्तकावर तिने प्रथमच सही केली. रेघेच्या वर चढलेली, वाकडी, पण सही. तिने ती फुंकर घालून वाळविली आणि मला म्हणाली, "आता कुणी म्हणू नये, सही न्हाई म्हून."

१९७५ साली दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात मी होते. पुढे औरंगाबादेस नागसेनवनात शिकले, टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या, आणि १९७९ साली एका खासगी कंपनीत टंकलेखिका म्हणून लागले. मुलाखतीत तिघांनी मला मिळून पाच प्रश्न विचारले. त्यांतले तीन लग्नासंबंधी होते. लग्न ठरले आहे का, केव्हा करणार, झाल्यावर नोकरी करणार का? माझ्यासोबत मुलाखतीला आलेल्या मुलाला त्याच्या टंकलेखनाचा वेग विचारला गेला. आम्ही दोघेही लागलो. त्याचा पगार माझ्यापेक्षा अधिक होता. साहेबांना याचे कारण विचारले तर ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "त्याला घर चालवायचे आहे." माझ्याही घरी माय होती, हे सांगायचे मला त्या वेळी सुचले नाही.

समान कामाला समान वेतन देण्याचा कायदा १९७६ मध्येच झालेला होता. आमच्या कार्यालयात तो कोणालाही ठाऊक नव्हता. ज्यांना ठाऊक होता त्यांनी सांगितला नाही. मुंबईच्या ऑड्री डिकॉस्टा यांनी मॅकिनन मॅकेन्झी कंपनीविरुद्ध हाच प्रश्न लावून धरला. स्त्री लघुलेखिकांना त्याच कामासाठी पुरुष लघुलेखकांहून कमी वेतन दिले जात होते. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर मी ती नोकरी सोडून पाच वर्षे झाली होती.

आमच्या त्या कार्यालयात एक सहकारी मुलगी होती. लग्न ठरल्याचे पेढे तिने वाटले आणि त्याच आठवड्यात तिला राजीनामा लिहून द्यायला सांगण्यात आले. तो कागद मीच टंकित केला. तिचा मजकूर तिने सांगितला नव्हता. तो साहेबांनी सांगितला. 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द मला आजही आठवतात. मुंबईच्या एका औषध कंपनीचा अगदी असाच नियम, लग्न करताच स्त्री कर्मचाऱ्याची नोकरी संपविणारा, सर्वोच्च न्यायालयाने १९६५ सालीच अयोग्य ठरविला होता. म्हणजे ज्या वर्षी आम्ही तिला निरोपाचा चहा दिला, तेव्हा त्या निकालाला चौदा-पंधरा वर्षे होऊन गेली होती. कायदा दिल्लीत बदलतो. टेबलापाशी तो बदलायला पुन्हा एक पिढी जाते.

आणि दिल्लीतही सारे सरळ नव्हते. परराष्ट्र सेवेतील पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा यांना स्त्रियांविरुद्धच्या सेवानियमांसाठी न्यायालयात जावे लागले. लग्नापूर्वी स्त्री अधिकाऱ्याने शासनाची लेखी परवानगी घ्यावी आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असे वाटल्यास तिला राजीनामा द्यायला लावता यावे, असे ते नियम होते. १९७९ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांवर कडक शब्दांत ताशेरे ओढले. दोनच वर्षांनी, १९८१ मध्ये, हवाई सुंदरींच्या खटल्यात त्याच न्यायालयाने पहिल्या गर्भारपणी नोकरी संपविणारा नियम रद्द केला. मात्र नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करू नये ही अट कायम ठेवली. एक पाऊल पुढे आणि अर्धे मागे, अशीच ती वाटचाल होती.

हे सारे मी पुष्कळ नंतर वाचले. वाचताना बाबासाहेबांची दोन कामे पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाची रजा हा कामगार स्त्रीचा हक्क आहे हे ज्या काळी मालकांना पटत नव्हते, त्या काळची ही गोष्ट. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आणि १९५१ मध्ये हिंदू संहिता विधेयक रखडविले गेले, तेव्हा त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागच्या कारणांत हे एक प्रमुख कारण होते. आपल्या घरी त्यांची तसबीर असते. तसबिरीखाली बसून आपण मुलींच्या हक्काविषयी काय ठरवितो, हा प्रश्न मी पुढे स्वतःलाही विचारला आहे.

१९८२ साली मी परीक्षा देऊन एका बँकेत लिपिक झाले. इथे पगार सारखा होता, प्रसूतीची रजा हक्काची होती. मला वाटले, मी पलीकडच्या तीराला पोहोचले. आता ती गोष्ट सांगते, जिच्यासाठी हा लेख लिहायला बसले.

१९८५ चा पावसाळा असावा. बचत खात्यांच्या खिडकीवर मी बसले होते. एक भाजी विकणारी बाई आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. त्याच्या नावे खाते उघडायचे होते. पदराच्या गाठीत थोड्या नोटा होत्या. मी अर्ज पुढे केला, नाव विचारले, आणि 'पालक' या रकान्याशी येऊन थांबले. "वडील कुठे आहेत?" ती म्हणाली, "न्हाईत घरी. गेलेत." "वारले का?" "न्हाई." मी अर्ज परत घेतला आणि म्हणाले, "मग त्यांना घेऊन या. त्यांची सही लागेल."

ती माझ्याशी वाद घालती तर कदाचित मी थांबले असते. तिने नोटा पुन्हा गाठीत बांधल्या, मुलाचा हात धरला आणि ती गेली. मागे रांग होती. मी पुढच्या माणसाचे पासबुक घेतले.

रात्री जेवताना मी मायला दिवसाच्या गोष्टी सांगत असे, तशी हीही सांगितली. जणू ग्राहकांना नियम कसे ठाऊक नसतात याचा एक नमुना म्हणून. मायचा घास हातात राहिला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला बी असंच परत धाडलं होतं." आणि पुन्हा जेवू लागली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या परिपत्रकांच्या फायली काढल्या. आईला पालक धरून अज्ञान मुलाचे बचत खाते उघडण्यास रिझर्व्ह बँकेने १९७६ सालीच मुभा दिलेली होती. कागद पिवळा पडला होता. त्यावर आमच्या शाखेचा आवक शिक्का होता. म्हणजे मी नियम पाळला नव्हता. नियम काय आहे हे न पाहता, जे वर्षानुवर्षे चालत आले ते मी नियम समजून बोलले होते. तालुक्याच्या वसतिगृहातला तो हसणारा कारकून आणि मी, आमच्यात फरक एवढाच की त्याने निदान पाणी तरी दिले होते.

त्यानंतर कित्येक आठवडी बाजार मी त्या बाईला शोधीत फिरले. ती दिसली नाही. ते परिपत्रक मी स्वच्छ टंकित करून काउंटरच्या काचेखाली लावले, आणि निवृत्त होईपर्यंत ज्या ज्या शाखेत गेले तिथे ते माझ्यासोबत नेले. त्यामुळे अनेक आयांची खाती उघडली गेली. त्या एका मुलाचे उघडले गेले नाही. ही वजाबाकी कोणत्याही बेरजेने भरून निघत नाही.

१९९१ साली वडील मुंबईस वारले. गावाकडच्या सहा एकरांत त्यांचा तिसरा हिस्सा होता. दिवसकार्य झाल्यावर चुलतभाऊ मुद्रांकाचा कागद घेऊन आले. ते हक्कसोडपत्र होते. ज्या कुटुंबाला पंचवीस वर्षे आमच्या सहीची आठवण झाली नव्हती, त्याला ती आता तातडीने हवी होती. आपल्याकडे लेकीची सही मागितली जाते ती बहुधा हक्क सोडतानाच. चुलतभाऊ म्हणाले, "ताई, तुला काय कमी आहे? बँकेत आहेस. माहेर तुटू देऊ नकोस." मी सही केली. मला कायदा ठाऊक होता. १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने मी आणि माय दोघीही पहिल्या वर्गाच्या वारस होतो. तरीही मी सही केली, कारण 'माहेर' या शब्दापुढे माझे सारे वाचन फिके पडले.

कागद मायपुढे गेला. तिने तो उलटा-सुलटा पाहिला, खाली ठेवला आणि म्हणाली, "मी सही शिकले ती ह्याच्यासाठी न्हाई."

बरेच रुसवे-फुगवे झाले, फेरफाराची नोंद दोन वर्षे अडली, तलाठ्याच्या दाराशी आम्ही अनेकदा बसलो. अखेरीस सात-बारावर एका एकरापुढे मायचे नाव लागले. माझा एकर गेला तो गेला. २००५ साली कायदा बदलून मुलीला मुलाबरोबरीचा सहहिस्सा मिळाला, तेव्हा वर्तमानपत्र वाचून दाखविताना मायने विचारले, "मंग तुझा एकर परत येतो का?" मी म्हणाले, "नाही माय. मी तो आपल्या हाताने दिला होता."

पालकत्वाच्या कलमाचे काय झाले तेही सांगते. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये आपल्या मुलाच्या नावे रोख्यांसाठी अर्ज केला, तेव्हा वडिलांची सही मागण्यात आली. त्या न्यायालयात गेल्या. १९९९ च्या फेब्रुवारीत निकाल लागला. 'पित्याच्यानंतर' याचा अर्थ पित्याच्या मृत्यूनंतर असाच होत नाही. पिता मुलाकडे लक्ष देत नसेल, दूर असेल, तरीही माता पालक होय, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. कलमातला शब्द तसाच राहिला, अर्थ बदलला. माझ्या प्रवेशाला तेव्हा तीस वर्षे झाली होती. आता तर महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, शासकीय कागदपत्रांवर, वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लावण्याचा निर्णय घेतला आहे. माय २०११ साली गेली. हे पाहायला ती हवी होती.

या स्मरणिकेचे वाचक बहुतेक आपलीच माणसे आहेत. आपल्यापैकी अनेक जण आज शिक्षक, लिपिक, तलाठी, अधिकारी आहेत. कोणत्या ना कोणत्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसले आहेत. त्यांना माझी एकच विनंती. समोर बाई उभी असेल आणि ओठांवर 'नियम नाही' हे शब्द आले, तर ते उच्चारण्यापूर्वी नियम एकदा काढून वाचावा. आणि पालकांना विनंती अशी की ज्या मुलीला या शाळेत घालताना आपण बाबासाहेबांचे नाव घेतले, तिच्यापुढे पुढे कधी हक्कसोडपत्र ठेवू नये. ठेवलेच तर ते तिला आधी वाचू द्यावे.

गेल्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात कार्यालयातून मी १९६९ चे प्रवेश अर्ज पाहायला मागितले. गठ्ठा निघाला. माझा अर्ज कडांना झिजला होता, पण शाई टिकली होती. पालकाच्या रकान्यात मायचे नाव, नात्याच्या रकान्यात 'आई', आणि खाली तिचा अंगठा, थोडा पुसट, एका बाजूला घसरलेला. बहुधा तिचा हात थरथरत असावा. मी तो अर्ज पुन्हा गठ्ठ्यात होता तसा ठेवला. तो शाळेचा आहे.

जय भीम.